घर सोडलेल्या स्त्रीचें पुढें काय होतें?

‘नवऱ्यानें मारलें आणि पावसानें झोडलें, तर दाद मागावी कोणाकडे?’ अशी एक म्हण आपल्याकडे फार जुनी आहे. ती ऐकून मोठीं माणसें हंसतात व त्यांचें पाहून मुलेंहि हंसण्यास शिकतात. परंतु त्या म्हणींत एक प्रश्न विचारलेला आहे व त्याचें उत्तर दिलेलें नाहीं, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. दाद मागावी कोणाकडे? आणि दाद मागण्यासाठीं एखादी स्त्री मूल कडेवर घेऊन खरोखरच उंबरठा ओलांडून बाहेर पडली, तर दुसऱ्या दिवसापासून तिनें जावें कोठें, खावें काय? नांदेड व लातूर या आपल्या दोन जिल्ह्यांत हा दुसरा प्रश्न पहिल्याहून अधिक भिवविणारा आहे, असा आमचा समज आहे. ‘पुढें काय?’ या दोन शब्दांच्या धाकानें कित्येक स्त्रिया वर्षानुवर्षें मार सोसत राहतात.

शाळेच्या वार्षिकांत सहलींचीं वर्णनें, बक्षीससमारंभाचा वृत्तांत व विद्यार्थ्यांचे निबंध असावेत, हें आम्हांस मान्य आहे. तरी हा विषय आम्ही मुद्दाम हातीं घेत आहों. ज्या घरांत रात्रीं भांडीं आदळतात, त्याच घरांतील मूल सकाळीं गणवेश घालून वर्गांत येऊन बसतें, आणि त्याचें गणित आज कां चुकलें हें शिक्षकांस पुष्कळ वेळां ठाऊक नसतें. शिवाय आजची विद्यार्थिनी उद्यां कोणाच्या तरी घरीं नांदावयास जाणार व आजचा विद्यार्थी उद्यां घरधनी होणार. लग्न झाल्यावर ठेंच लागून ही गोष्ट कळण्यापेक्षां ती आतांच समजून घेतलेली बरी.

छळ म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें काठी आणि पाठीवरचे वळ येतात. 2005 सालीं आपल्या संसदेनें कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचें संरक्षण करणारा कायदा केला व तो 26 ऑक्टोबर 2006 पासून अमलांत आला. त्यांत छळाचे चार प्रकार मानिले आहेत: शारीरिक, लैंगिक, शब्दांनीं व मनास पीडा देऊन केलेला, आणि आर्थिक. मूल होत नाहीं किंवा मुलगा होत नाहीं म्हणून टोचून बोलणें, हें या कायद्यानें तिसऱ्या प्रकारांत स्पष्ट शब्दांत घातलें आहे. चौथ्या प्रकारास छळ म्हणावें, हेंच आमच्याकडे पुष्कळांस पटत नाहीं. बायकोची मजुरी परस्पर काढून घेणें, तिचें स्त्रीधन मोडून खाणें, पोराबाळांच्या खर्चास पैसा न देणें, या गोष्टींस लोक ‘घरचा व्यवहार’ म्हणतात. कायदा त्यांस छळ म्हणतो, आणि आमच्या मतें कायद्याचेंच बरोबर आहे. कारण मार बसला तरी अंगांत बळ असेल तर स्त्री चालत कोठें तरी जाईल, पण पदरीं एक रुपयाहि नसेल तर ती बसस्थानकापर्यंत जाऊन परत येईल.

हा प्रकार थोड्या घरांतला आहे, असेंहि कोणी समजूं नये. 2019 ते 2021 या काळांत झालेल्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील विवाहित स्त्रियांपैकीं सुमारें चौथ्या हिश्श्यानें पतीकडून कधीं ना कधीं हिंसा सोसल्याचें सांगितलें. त्याच पाहणींतील दुसरा आंकडा आम्हांस अधिक बोलका वाटतो. देशभरांत ज्या स्त्रियांनीं हिंसा सोसली होती, त्यांपैकीं शंभरांत सुमारें 14 जणींनींच कोणाची मदत मागितली होती. सुमारें 77 जणींनीं मदत तर मागितली नाहींच, पण झाला प्रकार कोणास सांगितलाहि नव्हता. म्हणजे शेजारच्या घरांतून आवाज येत नाहीं, यावरून तेथें सर्व कुशल आहे असा निष्कर्ष काढणें धाडसाचें आहे.

या स्त्रिया गप्प कां राहतात? ‘सोशिकपणा’ हें त्याचें कारण म्हणून नेहमीं सांगितलें जातें, व त्याची स्तुतीहि होते. आम्हांस तें कारण खरें वाटत नाहीं. आपल्या भागांतील ऊसतोडणीचा व्यवहार पाहा. दिवाळीनंतर मराठवाड्यांतून हजारों कुटुंबें पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे जातात. मुकादम हंगामापूर्वींच उचल देतो, व ती नवराबायकोच्या जोडीस मिळून देतो. या जोडीस म्हणतात ‘एक कोयता’. नवरा ऊस तोडतो, बायको तो साळून मोळ्या बांधते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीवर चढते; परंतु उचल हातांत पडते ती नवऱ्याच्या. अशा स्त्रीनें हंगामाच्या मध्यें छळास कंटाळून पाल सोडलें, तर जोडी मोडली, कोयता मोडला, आणि उचलीचें कर्ज मात्र अंगावर राहिलें. ती कोणत्या तोंडानें निघून जाईल? बरें, माहेरीं जावें, तर तेथें पाठची बहीण लग्नाची असते. ‘थोरली परत आली’ असा बोभाटा झाला तर धाकटीस स्थळ मिळणार नाहीं, ही भीति आईबापांस असते व ती अगदींच खोटी नसते. लेक रडत आली म्हणजे चार दिवस ठेवून घ्यावें, साडीचोळी करावी आणि पांचव्या दिवशीं बापानें स्वतः तिला पोंचवून यावें, हा क्रम आपल्या गांवोगांवीं चाललेला आहे. ज्या बापाचें तिच्यावर प्रेम आहे तोहि हेंच करतो, कारण तिला ठेवून घेऊन पुढें काय करावें हें त्यासहि ठाऊक नसतें.

हा ‘पुढें काय’चा प्रश्न आपल्या महाराष्ट्रांत एका बाईनें सवाशें वर्षांहून अधिक पूर्वीं हातीं घेतला व नुसता भाषणांनीं न सोडवितां विटा, चुना, शेत, विहीर आणि छापखाना यांनीं सोडवून दाखविला. त्या पंडिता रमाबाई होत.

रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीस व मुलीस संस्कृत शिकविलें, आणि त्या काळच्या लोकमताविरुद्ध जाऊन ही विद्या घरांत टिकविली. सर्व कुटुंब तीर्थोतीर्थीं पुराण सांगत हिंडत असे. 1874 सालीं दक्षिणेंतील दुष्काळांत आईवडील गेले. भाऊबहीण पायीं हिंडत हिंडत कलकत्त्यास पोंचलीं. तेथें 1878 सालीं पंडितांनीं रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढें भाऊ वारला, बंगाली वकिलाशीं विवाह झाला, आणि 1882 सालीं तान्ही मुलगी मनोरमा हिला मांडीवर टाकून पतीहि गेला. वयाच्या चोविसाव्या वर्षीं त्यांना सासर, माहेर, जातगोत यांपैकीं कांहींच उरलें नव्हतें. निराधार म्हणजे काय, हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं.

त्याच वर्षीं पुण्यास येऊन त्यांनीं आर्य महिला समाज काढिला. 1883 सालीं त्या विलायतेस गेल्या व तेथें त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारिला. नंतर अमेरिकेंत जाऊन उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर 1887 सालीं इंग्रजींत ग्रंथ लिहिला. अमेरिकेंतील मित्रमंडळींनीं दहा वर्षें मदत देण्याचें वचन दिलें, आणि 11 मार्च 1889 रोजीं मुंबईस ‘शारदासदन’ उघडलें. पुढल्या वर्षीं तें पुण्यास नेण्यांत आलें.

शारदासदनांत प्रथम आलेल्या मुली बहुतेक बालविधवा होत्या. त्यांस नवऱ्याचा मार नव्हता, कारण नवराच नव्हता. पण सासरीं त्यांचें जें चाले त्यास आजच्या कायद्याच्या भाषेंत कौटुंबिक छळच म्हणावें लागेल. केशवपन, एक वेळ अन्न, पहांटेपासून रात्रीपर्यंत काम, आणि वर ‘हिनेंच नवरा खाल्ला’ हें बोलणें. अशा मुलीस रमाबाईंनीं सर्वांत आधीं काय दिलें? बसावयास जागा, वाचावयास पुस्तक, पोटभर जेवण, आणि हंसण्याची मोकळीक. जेथें या मुलींना शुभकार्यांत तोंड दाखविण्याची बंदी होती, तेथें त्यांनीं अंगणांत खेळावें ही गोष्ट त्या काळीं लहान नव्हती. पहिल्या विद्यार्थिनींपैकीं एक गोदूबाई. 1893 सालीं त्यांचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशीं झाला, आणि ज्या कर्व्यांनीं पुढें 1896 सालीं अनाथ बालिकाश्रम स्थापिला त्यांच्या घरांत शारदासदनाची शिकवण अशा रीतीनें पोंचली.

येथें एक नाजुक गोष्ट आहे, व ती टाळून पुढें जाणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. शारदासदनांत धर्माविषयीं तटस्थता राखली जाईल, असें आरंभीं ठरलें होतें, व त्या विश्वासावर न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर यांसारखे गृहस्थ सल्लागार मंडळांत होते. रमाबाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत तेव्हां दार उघडें असे, आणि कांहीं मुली येऊन बसूं लागल्या. रमाबाईंचें म्हणणें असें कीं, मी कोणास बोलावीत नाहीं, पण येणारीस घालवूनहि देणार नाहीं. सल्लागारांचें म्हणणें असें कीं, कोंवळ्या वयाच्या, सर्वस्वी आश्रयावर अवलंबून असलेल्या मुलींच्या बाबतींत एवढें पुरेसें नाहीं. 1893 सालीं हा वाद विकोपास गेला. सल्लागारांनीं राजीनामे दिले व अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. शंभराहून अधिक वर्षांनंतर पाहतां दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत कांहीं तथ्य दिसतें. आमचें मत असें आहे कीं, ज्या स्त्रीस जाण्यास दुसरी जागाच नाहीं, तिच्या होकारास पूर्ण होकार समजतां येत नाहीं. म्हणून भाकरीचा आणि श्रद्धेचा हिशेब एका वहींत कधीं लिहूं नये. आजच्या कोणत्याहि धर्माच्या आश्रमास ही कसोटी लावावी, आणि ख्रिस्ती संस्थेनें ती स्वतःस अधिक कडकपणें लावून घ्यावी. पण त्याच वेळीं हेंहि सांगितलें पाहिजे कीं, त्या वर्षीं घरीं परत नेलेल्या मुलींपैकीं कित्येकींच्या नशिबीं पुन्हां तेंच अंधारें माजघर आलें असेल. आश्रय देणाऱ्यांचा वाद होतो, तेव्हां त्याची किंमत आश्रितांस पडते.

शारदासदनापेक्षां केडगांवचें मुक्तिसदन आमच्या विषयास अधिक जवळचें आहे. अमेरिकेची मदत दहा वर्षांपुरती. ती थांबली तर काय, या विचारानें रमाबाईंनीं पुणें-दौंड लोहमार्गावर केडगांव येथें सुमारें शंभर एकर जमीन घेतली होती, आणि तेथें फळबागा लावून संस्थेस उत्पन्न व्हावें असा त्यांचा बेत होता. लातूरहून पुण्याकडे जाणारी आगगाडी कुर्डुवाडी व दौंड मागें टाकून याच गांवावरून जाते. आमच्या पालकांपैकीं पुष्कळांनीं खिडकींतून तें स्थानक पाहिलें असेल. 1896-97 च्या दुष्काळांत रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या. लहानपणीं स्वतः भोगलेलें दुष्काळाचें दुःख त्यांस तेथें पुन्हां दिसलें, व सुमारें तीनशें स्त्रिया व मुली घेऊन त्या परतल्या. पुण्यास प्लेगमुळें निर्बंध होते, म्हणून केडगांवच्या माळावर तंबू व झोंपड्या उभारून त्यांची सोय करावी लागली. पुढें गुजराथच्या दुष्काळांतून आणखी आल्या, आणि 1900 च्या सुमारास तेथें दीड हजारांहून अधिक स्त्रिया व मुली राहत होत्या. एका लहानशा शहराएवढी ही वस्ती.

या वस्तींत काय चालत होतें, तें पाहण्यासारखें आहे. शाळा तर होतीच; परंतु ज्यांचें शाळेचें वय गेलें, त्यांच्यासाठीं हातमाग होते, तेलाची घाणी होती, गाईम्हशींचा गोठा, बेकरी, शिवणकाम, बागाईत, रोग्यांची शुश्रूषा, अशीं अनेक कामें होतीं. विहिरी खणविलेल्या होत्या. आंधळ्या मुलींस ब्रेल लिपीनें वाचावयास शिकवीत. फसवून वाममार्गास लावलेल्या स्त्रियांसाठीं ‘कृपासदन’ निराळें काढिलें होतें, कारण अशा स्त्रीची दुखापत निराळी व तिला लागणारा काळहि निराळा, हें रमाबाई जाणून होत्या. आणि छापखाना. खिळे जुळविणें, यंत्र चालविणें, छापलेले कागद दुमडून पुस्तक बांधणें, हीं कामें स्त्रिया करीत. रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबलाचें जें सोपें मराठी भाषांतर केलें, तें याच छापखान्यांत तयार झालें व त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 सालीं, पूर्ण छापून निघालें. जिला कालपर्यंत ‘तुला काय अक्कल आहे’ एवढेंच ऐकावें लागे, तिच्या हातून छापलेलें पान बाहेर पडतांना तिला काय वाटलें असेल, याची कल्पना विद्यार्थ्यांनीं करावी.

आपल्या मुलुखाशींहि या कामाचा एक धागा जुळलेला आहे. 1912-13 च्या सुमारास रमाबाई व मनोरमाबाई यांनीं गुलबर्ग्यास एक शाळा काढिली, व मनोरमाबाई तिच्या मुख्याध्यापिका होत्या. गुलबर्गा, नांदेड आणि लातूर हीं तिन्ही गांवें त्या वेळीं निजामच्या राज्यांत होतीं. मनोरमाबाई 1921 सालीं वारल्या. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजीं. केडगांवचें काम मात्र पंडिता रमाबाई मुक्ति मिशन या नांवानें आजहि चालू आहे.

रमाबाई एकट्याच होत्या, असें कोणी समजूं नये. त्यांच्याहि आधीं, 1863 सालीं, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यास फसविल्या गेलेल्या विधवांसाठीं बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलें होतें. आम्ही येथें रमाबाईंचें उदाहरण विस्तारानें दिलें, तें एवढ्यासाठीं कीं छपरापासून रोजगारापर्यंतची सर्व वाट त्यांच्या कामांत एका ठिकाणीं पाहावयास मिळते.

ती वाट कशी असते? अशा गृहांत काम करणारीं माणसें सांगतात कीं, नवीन आलेली स्त्री पहिले कांहीं दिवस बहुतेक झोंपते. तिला आळशी म्हणण्याची चूक नवखे लोक करतात. जी अनेक वर्षें दाराच्या कडीच्या आवाजानें दचकून उठत आली, तिला दार आंतून लावून झोंपण्याची मुभा हेंच पहिलें औषध होय. नंतर खरोखरचें औषध: जुन्या जखमा, रक्तक्षय, कधीं कानास बसलेला मार. मग कागद. आधार कार्ड, शिधापत्रिका, मुलांचे जन्मदाखले, शाळा सोडल्याचा दाखला हें सारें सासरीं राहिलेलें असतें, व त्यावांचून मुलांस नव्या शाळेंत घालणें, बँकेंत खातें काढणें अवघड होतें. ज्याला आपण ‘नवें आयुष्य’ असें मोठें नांव देतों, त्याचे पहिले दोन महिने तहसील कचेरीच्या रांगेंतच जातात. त्यानंतर काम शिकणें. येथें आश्रमांची एक खोड आम्हांस सांगावीशी वाटते: पाहावें तेथें शिवणयंत्र! शिवण चांगलें आहे. पण एका गांवांत शंभर जणींनीं झबलीं शिवलीं तर तीं घ्यावयाचीं कोणी? रुग्णसेवा, संगणकावरील लेखन, स्वयंपाकाचें कंत्राट, दुकानांतील हिशेब, वाहन चालविणें, जें त्या गांवच्या बाजारांत खपेल तें शिकविलें पाहिजे. रमाबाईंनीं एकाच वेळीं इतके उद्योग कां चालविले होते, हें यावरून कळतें.

आणि एक गोष्ट ऐकून आमच्या वाचकांस नवल वाटेल. घर सोडलेल्या स्त्रियांपैकीं पुष्कळ जणी एकदां तरी परत जातात. मुलांची ओढ असते, नवऱ्यानें पाय धरलेले असतात, गांवच्या चार मंडळींनीं मध्यस्थी केलेली असते. कांहीं ठिकाणीं खरोखर सुधारणाहि होते. पुष्कळ ठिकाणीं होत नाहीं, व ती स्त्री पुन्हां दाराशीं येते. त्या वेळीं ‘आम्हीं तुला सांगितलें नव्हतें काय?’ असें जी संस्था म्हणेल, तिचें दार ती तिसऱ्यांदा ठोठावणार नाहीं.

आतां कायद्याची बाजू थोडक्यांत. 1887 सालीं मुंबईच्या न्यायालयानें रखमाबाईंस ‘नवऱ्याकडे नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा’ असें सुनावलें होतें. आजचा कायदा उलट दिशेनें बोलतो. 2005 च्या कायद्यान्वयें ज्या घरांत ती पतीसह राहत होती त्या घरांत राहण्याचा तिला हक्क आहे, मग तें घर कोणाच्याहि नांवावर असो. मॅजिस्ट्रेट छळ थांबविण्याचा हुकूम देऊं शकतो, खर्चाची रक्कम ठरवूं शकतो, मुलांचा तात्पुरता ताबा आईकडे देऊं शकतो. आणि संरक्षणाचा हुकूम मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊं शकतात. पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत व निकाल साठ दिवसांत व्हावा, असें कायदा म्हणतो. प्रत्यक्षांत तारखांवर तारखा पडतात. म्हणून त्या मधल्या काळांत राहण्यास जागा असणें हुकुमाइतकेंच महत्त्वाचें ठरतें. नेमकें येथेंच धर्मादाय संस्थांचें स्थान आहे. नोंदणी झालेली स्वयंसेवी संस्था ‘सेवा पुरविणारी’ म्हणून तक्रार लिहून घेऊं शकते, वैद्यकीय तपासणी करवूं शकते, आश्रयगृहांत पोंचवूं शकते. संस्था ख्रिस्ती असो, अन्य धर्माची असो वा कोणत्याच धर्माची नसो, कायद्यास सर्व सारख्या.

आपल्या जिल्ह्यांत जावें कोठें? प्रत्येक जिल्ह्यांत महिला व बालविकास खात्याचे संरक्षण अधिकारी असतात. त्यांस अर्ज लिहून देण्यास वकील लागत नाहीं. पुढें न्यायालयांत वकील हवा असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो स्त्रीस फुकट मिळतो. यासाठीं तिच्या उत्पन्नाची अट नाहीं. दूरध्वनीनें 181 या क्रमांकावर स्त्रियांस, 1098 वर मुलांस व 112 वर कोणासहि तातडीची मदत मागतां येते. आश्रयगृह निवडतांना मात्र कांहीं गोष्टी आधीं विचारून घ्याव्या. मुलें बरोबर राहूं शकतील काय? पुष्कळ ठिकाणीं मोठ्या मुलग्यास आईपासून निराळें ठेवितात, व त्या एका नियमामुळें कित्येक आया येतच नाहींत. बाहेर जाण्यायेण्याची मोकळीक आहे काय? प्रार्थनेस बसणें सक्तीचें आहे काय? किती दिवस राहतां येईल, व नंतर काय? ज्या संस्थेस या प्रश्नांचा राग येतो, तिच्याविषयीं सावध असावें.

विद्यार्थ्यांस दोन शब्द. तुमच्या घरीं असें घडत असेल, तर तें तुमच्यामुळें घडत नाहीं. तुमचे गुण कमी पडले, तुम्हीं हट्ट केला, तुम्ही मुलगी म्हणून जन्मलांत, यांपैकीं कांहींहि त्याचें कारण नाहीं. मारामारी चालू असतां मध्यें पडूं नका. धाकट्या भावंडांस घेऊन शेजारीं जा व मोठ्या माणसांस बोलवा. ज्या शिक्षकांवर तुमचा विश्वास असेल, त्यांस सांगा. ही चहाडी नव्हे. तुमच्या वर्गसोबत्यानें तुम्हांस असें कांहीं सांगितलें, तर तें मधल्या सुटींत चघळूं नका. त्यास बरोबर घेऊन शिक्षकांकडे जा.

पालकांस आमची विनंति अगदीं व्यवहाराची आहे. लेकीच्या लग्नांत भांड्यांची रास मांडतां, तीमध्यें एक पिशवी ठेवा असें आम्ही म्हणणार नाहीं. ती पिशवी तुमच्याच घरीं ठेवा. तींत तिच्या जन्मदाखल्याची, शाळेच्या दाखल्याची, गुणपत्रिकांची, आधार कार्डाची व लग्नाच्या नोंदणीची एकेक खरी नक्कल असावी, आणि तिच्या एकटीच्या नांवच्या बँकखात्याचें पुस्तक असावें. दुसरें असें कीं, हिंदु कुटुंबांत वडिलार्जित जमिनींत मुलीस मुलाइतकाच वाटा 2005 सालापासून देशभर आहे, व महाराष्ट्रांत त्याआधींच, 1994 सालीं, तसा कायदा झाला होता. ख्रिस्ती कुटुंबांत 1925 च्या वारसा कायद्यानें मुलगा व मुलगी यांस सारखा वाटा मिळतो. तरी आपल्या गांवांत राखीपौर्णिमेस ओवाळून घेणारा भाऊच पुढें तलाठ्याच्या व दुय्यम निबंधकाच्या कचेरींत बहिणीस नेऊन हक्कसोडपत्रावर तिची सही घेतो, आणि तीहि ‘माहेर तुटूं नये’ म्हणून सही करते. ज्या दिवशीं तिला खरोखर माहेरीं यावें लागतें, त्या दिवशीं त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर तिचें नांव नसतें. एखाद्या कुटुंबास तिच्या नांवें एकरभर रानच ठेवणें जमत नसेल, तर गांवठाणांतील एक खोली ठेवावी, व तिची किल्ली तिच्याजवळ द्यावी.